म्हातारीची वाटी

...आणि वर डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, "मांजरीचं तोंड उघडून शेवटचं कधी बघितलं होतंत?" आता मला सांगा, तुम्ही बघता? कुणी बघतं का? बाळ झाल्यापासून मी माझं स्वतःचं तोंड धड आरशात बघितलेलं नाही, मांजरीचं कुठून बघू? आणि का म्हणून बघू? जेवत होती ना! चांगली जेवत होती! सकाळी वाटी भरून ठेवायची, दुपारी रिकामी. संध्याकाळी भरून ठेवायची, सकाळी उठून बघावं तर रिकामी, आणि रिकामी म्हणजे कशी, अगदी चाटूनपुसून, तळाला एखादा दाणा तेवढा राहिलेला. आता असल्या रिकाम्या वाटीवर कुठली बाई संशय घेईल, तुम्हीच सांगा. वाटी तर रिकामी होती हो!

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई एका मांजरीवरून काय एवढं घेऊन बसलीये.

मांजर माझी नाही, माझ्या आईची. माझी आई गेली तेव्हा बाळ पोटात होतं. तेरावं-चौदावं जे काय असतं ते सगळं उरकलं आणि आम्ही घर आवरायला बसलो, तर शिलाई मशीन भावाने घेतलं, भांडी मावशीने घेतली, पुस्तकं वाचनालयवाला गोणीत भरून घेऊन गेला, आणि मांजर? ती कपाटावर बसून बघत होती, कोण काय नेतंय ते. भाऊ म्हणाला, "आमच्याकडे कुत्रा आहे." मावशी म्हणाली, "मला शिंका येतात." आणि मग दोघंही एकदम म्हणाले, "नाहीतरी म्हातारीच झालीये ती." म्हणजे काय, म्हातारं झालं की कपाटावरच सोडून जायचं? मला इतका राग आला, इतका राग आला की पोट सावरत मी स्टुलावर चढले, तिला खाली काढलं आणि घरी आणलं. आणताना तिच्या मानेला नाक लावलं, तर आईच्या हाताला यायचा तोच वास. असो. तो विषय नको.

आईने तिला मोठं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण आमच्याकडे आली आणि तिची "म्हातारी" झाली. त्यात पहिल्याच आठवड्यात घोटाळा. मी न्हाणीघरातून ओरडले, "म्हातारी जेवली का?" आणि स्वयंपाकघरातून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जेवले हो." तेव्हापासून मी जरा हळू आवाजात विचारते.

तर मी ठरवलं, ही मांजर मी जगवणार. माणसं जगवायचं काही आपल्या हातात नसतं, ते मी बघून घेतलं होतं, पण मांजर? मांजर केवढीशी! आणि मी शिकलेली बाई आहे, शाळेत विज्ञान शिकवते, सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे म्हणून काय झालं! सरळ मांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी म्हातारीला टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "या वयाचं मांजर म्हणजे ऐंशीच्या घरातली आजी समजा. किडनी थकलेली असते. सांधे आखडलेले असतात. वास नीट येत नाही, म्हणून भूक लागत नाही. आणि मांजर दुखणं लपवतं. तिला काय होतंय ते ती सांगणार नाही, तुम्हीच ओळखायचं." मी म्हटलं, ओळखेन. मला काय माहीत, लपवण्यात मांजर कितीही पटाईत असलं तरी माझ्या घरची माणसं तिच्यापेक्षा वरचढ निघतील!

मग काय विचारता! म्हातारी मांजरं जास्त पाणी प्यायली पाहिजेत म्हणे, म्हणून मी प्रत्येक खोलीत पाण्याचं भांडं ठेवलं. म्हातारी एकाही भांड्यातलं प्यायली नाही, पण नवऱ्याचा एक पायमोजा कायम ओला. तिला खिडकीत उडी मारता येईना, म्हणून बाळाच्या लंगोटांचे रिकामे खोके चिकटवून पायऱ्या केल्या. वाळूच्या ट्रेची कड उंच पडायची, तर एक जुना प्लास्टिकचा टब पुढून कापून ठेंगणा केला. तिला स्वतःचं अंग चाटायला पाठ वळवता येत नाही, म्हणून मी तिला विंचरते. हो, विंचरते! माझ्या स्वतःच्या डोक्यात त्या दिवसांत कंगवा कधी गेला ते विचारू नका, पण म्हातारी टापटीप. नखं जाड होऊन पंजात रुततात म्हणून नखं कापायची. किडनीचं औषध पातळात कालवून पिचकारीने तोंडाच्या कोपऱ्यातून भरवायचं. आणि जेवण तिला खास किडनीचं, दाणेदार, वर त्याचंच पातळ घालून आणि किंचित कोमट करून द्यायचं, म्हणजे वास उठतो.

ते कोमट करताना सासूबाई मागे उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मला आजपर्यंत कुणी गार ताट गरम करून दिलेलं नाही गं." रागाने नव्हे हं, अगदी माहिती दिल्यासारखं.

पण सगळ्यात मोठा कार्यक्रम वजनाचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाकी काही जमलं नाही तरी वजन करत जा, म्हातारं मांजर आधी वजनातून बोलतं. आता मांजर काट्यावर उभं राहील तर शपथ! मग पद्धत अशी, की मी मांजरीला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग मांजर खाली, मी एकटी उभी, आणि वजाबाकी. शाळेतल्या मुलांना शिकवते तीच. पण माझं स्वतःचं वजन कुठे एका जागी होतं? मी अंगावर पाजणारी बाई, आज इतकं, उद्या तितकं. वजाबाकी करायला बसले की मांजर घटली की मी घटले, की दोघी मिळून घटलो, काही कळायचं नाही. शेवटी बाळासाठी आणलेला तान्ह्या मुलांचा काटा होता, त्यात टॉवेल घालून म्हातारीला झोपवलं. आणि आश्चर्य, झोपली! तेव्हापासून त्या एकाच काट्यावर आधी बाळ, मग म्हातारी. तुम्हाला सांगते, ते बघवायचं नाही हो. बाळाचा आकडा दर खेपेला थोडा वर, म्हातारीचा थोडा खाली. आपल्याच घरात, एकाच टॉवेलवर.

मी नवऱ्याला म्हटलं, "ती वाळतेय." नवरा म्हणाला, "अगं, पण जेवते ना?" मी म्हटलं, "जेवते. वाटी रिकामी असते." सासूबाई म्हणाल्या, "मग झालं तर." आणि दोघंही आपापल्या कामाला लागले. मी मात्र मांजरीला टोपलीत घालून पुन्हा दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाते का?"

मी म्हटलं, "सगळं."

"सगळं?"

"वाटी रिकामी असते," मी म्हटलं. छाती पुढे काढून म्हटलं हो. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या मांजरी अन्नाला तोंड लावत नाहीत आणि माझी वाटी चाटूनपुसून ठेवते, याचा मला अभिमान होता.

त्यांनी तोंड बघायचा प्रयत्न केला, तर म्हातारीने त्यांच्या अंगठ्यात दात रोवला. "राहू दे," त्या म्हणाल्या, "एवढं खाते म्हणजे तोंड बरं असणार." आणि बरोबरच आहे ना त्यांचं! मांजर भरपूर खातंय आणि तरी वाळतंय म्हटल्यावर दुसरं काय असणार? गळ्यातली ग्रंथी असेल, साखर असेल, जंत असतील. रक्त काढलं. म्हातारीच्या पायावरचे केस भादरले, तिथली कातडी इतकी पातळ, की मी बाळाला छातीशी घट्ट धरून भिंतीवरच्या कुत्र्यांच्या चित्राकडे बघत बसले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला समोर बसवून कागदावर गळ्यातल्या ग्रंथीची आकृती काढून दाखवली. ही ग्रंथी जास्त काम करायला लागली, की मांजर खा खा खातं आणि तरी आतून जळून जातं, असं सगळं समजावलं. तो अगदी गंभीरपणे मान डोलवत होता. "खा खा खातं?" त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "अच्छा." आणि पुन्हा मान डोलवायला लागला. ती मान मी जन्मात विसरणार नाही.

तपासण्या आल्या. ग्रंथी बरी. साखर बरी. जंत नाहीत. किडनी होती त्याहून जरा आणखी थकलेली, पण एवढं वजन जावं इतकी नाही. डॉक्टरीणबाई कागदाकडे बघतायत, म्हातारीकडे बघतायत, पुन्हा कागदाकडे. "मग खाल्लेलं जातंय कुठे?" त्या म्हणाल्या. आम्ही दोघी म्हातारीच्या पोटाकडे बघत राहिलो. म्हातारी आमच्याकडे बघत होती.

खाल्लेलं कुठे जातंय ते मला जिन्यातच दिसायला हवं होतं. आमच्या जिन्याखाली एक बोका राहतो, कुणाचा नाही, पिवळा, एक कान फाटका. आम्ही या घरात आलो तेव्हा काडीसारखा होता. आणि रक्त काढलं त्या दिवशी दवाखान्यातून टोपली घेऊन येते तर काय, हा एवढा! गळ्याला वळी, अंगावर तुकतुकी, पायरीवर असा पसरलेला की मला त्याला ओलांडून जावं लागलं. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "तुझं बरं आहे रे बाबा." अहो, हेवा वाटला मला त्याचा! आणि मी विज्ञान शिकवते. डोळ्यांना दिसतं ते निरीक्षण, त्यावरून आपण काढतो ते अनुमान, दोन्हींत गल्लत करायची नाही, असं मी फळ्यावर लिहून घसा कोरडा करते. वाटी रिकामी, हे निरीक्षण. मांजर जेवलं, हे अनुमान. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा ही चूक केली नसती. त्यांनी आधी बोक्याला धरलं असतं.

डॉक्टरीणबाईंनीच शेवटी विचारलं. "ती खाताना तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?"

एकदाही नाही. कारण मी वाटी ठेवते, तेवढ्यात बाळ रडतं. मी बाळाला पाजते, तेवढ्यात माझाच डोळा लागतो. मी वाटी भरलेली बघत होते, वाटी रिकामी बघत होते. मधलं बघितलंच नव्हतं. "वाटीकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "मांजरीकडे बघा."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वाटी भरली, बाळाला खांद्यावर टाकलं आणि बाहेरच्या खोलीत दुपटी वाळत घातलेल्या घोडीच्या मागे जाऊन बसले. दुपट्यांच्या फटीतून वाटी दिसत होती. बाळ झोपलं होतं. एका हाताने त्याच्या पाठीवर थोपटत, मी आपली बसले, गुप्तहेरासारखी.

म्हातारी आली. सावकाश, खोक्यांच्या पायऱ्या एकेक करून उतरत. वाटीपाशी थांबली. वास घेतला. वरचं पातळ चाटलं, थोडं. मग एक दाणा उचलला, मान एका बाजूला वाकडी केली, जबडा असा हलवला जसा आपण चुकून फार गरम काही तोंडात घेतल्यावर हलवतो, आणि दाणा खाली पडला. तिने पंजाने गाल घासला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. मग ती वाटीसमोर बसून राहिली. भूक नव्हती असं नाही हो. भूक असलेलं मांजर मला कळतं. ती वाटीकडे बघत होती.

मी उठणार, तेवढ्यात सासूबाई आल्या. आधी आमच्या झोपायच्या खोलीकडे मान वळवून बघितलं, दार लोटलेलं होतं. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या, आणि म्हातारीला म्हणाल्या, "खा गं बाई. दोन घास खा. तू नाही खाल्लंस की ती नाही खात. तिने नाही खाल्लं की माझ्या नातीचं दूध आटतं. मी किती ठिकाणी पुरी पडू?"

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग हातातला कागद उलगडला, वाटी त्यात उपडी केली, ओल्या बोटाने आतून गोल गोल पुसली, चाटल्यासारखी दिसेल अशी, आणि मग, तुम्हाला सांगते, माझा विश्वास बसेना, कागदातून एक दाणा उचलून त्यांनी परत वाटीच्या तळाशी ठेवला. खरं वाटावं म्हणून! मी इतके दिवस त्या एका दाण्याकडे बघून मनात म्हणायचे, पोट भरलं म्हणून टाकला असेल.

मी दुपट्यांच्या मागून बाहेर आले. सासूबाई दचकल्या नाहीत. पुडी हातात धरून तशाच बसून राहिल्या.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

"जिन्याखाली घालते," त्या म्हणाल्या. "वाया नाही जात."

"ते नाही विचारत मी."

मग त्या म्हणाल्या, "अगं, तू बाळंतीण. त्यात तुझी आई गेलेली. वाटी भरलेली दिसली की तू तुझं ताट सरकवायचीस आणि भिंतीकडे तोंड करून पडायचीस. बाळ रडायचं. मला काय सुचलं तेव्हा, मी वाटी रिकामी केली. त्या दिवशी तू दोन वेळा वाढून घेतलंस."

ते खरं होतं. मला तो दिवस आठवत होता. मी नवऱ्याला म्हटलं होतं, आज म्हातारी जेवली, आज मला बरं वाटतंय.

"पण आई, ती उपाशी आहे."

"उपाशी कशी?" त्या एकदम म्हणाल्या. "रात्रीचं खाते ना. रात्रीच्या वाटीला मी हात लावत नाही, देवाशपथ. ती सकाळी आपोआप रिकामी असते."

आपोआप! मी वाटच बघत बसले संध्याकाळची. नवरा आला, बूट काढायला वाकला, आणि मी आणि सासूबाई दोघी त्याच्यासमोर उभ्या. बाळसुद्धा माझ्या कडेवरून टक लावून बघत होतं. मी विचारलं, "रात्रीची वाटी कोण रिकामी करतं?" त्याने एक बूट काढला. दुसरा काढायला फार वेळ लावला. मग म्हणाला, "अगं, दिवसा तर खाते ना ती? मी फक्त रात्रीचं..."

"टाकतोस कुठे?"

"बाळाच्या घाण लंगोटात गुंडाळून. ते कुणी उघडून बघत नाही."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याने सासूबाईंकडे. मायलेक. एकाच घरात, एकाच वाटीवर, दिवसपाळी आणि रात्रपाळी, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! सासूबाई समजत होत्या रात्री खाते, तो समजत होता दिवसा खाते, आणि मी समजत होते दोन्ही वेळा खाते. आणि म्हातारी? म्हातारी वरचं पातळ चाटून आणि औषधाबरोबर मी पिचकारीने जे काही भरवायचे त्यावर दिवस काढत होती, आणि तिच्याभोवती तीन माणसं एकमेकांची काळजी घेत होती. भांडायचं तर कुणाशी भांडू? अशी माणसं मिळायला नशीब लागतं, असं माझी मावशीसुद्धा म्हणते. वाटी मात्र रिकामी होती.

मग तेच. दवाखाना. भूल जराशी दिली, तोंड उघडलं, मागची दाढ मुळापर्यंत किडलेली, हिरडी सुजून जांभळी. तेव्हा त्यांनी ते विचारलं, तोंड उघडून शेवटचं कधी बघितलं होतंत. आणि मी त्यांना सगळं सांगितलं, सासूबाईंचं, नवऱ्याचं, दाण्याचं, बोक्याचं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "खात नाही एवढं जरी मला कळलं असतं, तरी मी पहिल्या दिवशी दात बघितले असते. तुम्ही म्हणालात खाते, म्हणून मी गळ्याकडे गेले." पुढे म्हणाल्या, "दात काढू. पण उपाशी राहण्याने किडनीवर जे व्हायचं ते झालंय. ते भरून येत नाही."

दाढ काढली. म्हातारी उठली. घरी आली तेव्हा टोपलीतून बाहेर यायला तिला इतका वेळ लागला, की आम्ही तिघं जमिनीवर बसून राहिलो. आणि मी कायदा केला. वाटीला कुणी हात लावायचा नाही. दिसेल ते दिसेल. या घरात आता अनुमान बंद, फक्त निरीक्षण.

तर निरीक्षण ऐका. वाटी खोलीच्या मधोमध. एका बाजूला मी, बाळाला मांडीवर घेऊन, कारण तेही आता वरचं खायला शिकतंय. मी त्याला चमचा भरवते, ते थुंकतं. पलीकडे सासूबाई, आता न सांगता वाटी कोमट करून आणतात, बोट बुडवून बघतात, फार गरम नाही ना. दाराशी नवरा, कामाला जायला उशीर होतोय तरी उभा. सगळे म्हातारीच्या तोंडाकडे बघतायत. एवढे लोक बघायला लागले तर मलासुद्धा घास गिळवणार नाही! पहिले काही दिवस खाल्लं तिने. खरोखर खाल्लं, आम्ही डोळ्यांनी बघितलं, नवऱ्याने तर टाळी वाजवली आणि ती पळाली. पण नंतर कमी. मग आणखी कमी. आता दाढ दुखत नाही, आता नुसतीच भूक नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "खाईल ते द्या. विंचरत जा, तिला आवडतं म्हणता ना? उन्हात बसू द्या. यापुढे फार काही नाही आपल्या हातात." म्हणजे तेच. पुन्हा तेच. मला वाटलं होतं मांजर केवढीशी.

पण मी तुम्हाला हे सांगायला बसले नव्हते. मला सांगायचंय ते आजचं.

गेले काही दिवस मी बघतेय, सासूबाई जेवत नाहीत. ताट घेतात, वाटीकडे बघतात, ताट बाजूला सरकवतात. मी म्हटलं, "आई, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत." म्हणतात, "घेईन गं." घेत नाहीत. परवा भाजी निवडायला बसल्या होत्या, मला वाटलं गुणगुणतायत. जवळ गेले तर त्या भाजीलाच सांगत होत्या, "माझ्या हातून झालं हे."

मी काय म्हणणार? तुमच्या हातून नाही झालं, म्हणाले. दाढ आधीच किडलेली होती, म्हणाले. वय झालं होतं, म्हणाले. शास्त्रीय पद्धतीने मुद्देसूद सांगितलं, माझं ते कामच आहे. त्यांनी मान डोलवली. त्यांच्या लेकासारखीच.

आज सकाळी म्हातारी पायऱ्या उतरली नाही. खिडकीतच उन्हात पडून होती. मी वाटी तिथे वर नेली, नाकापाशी धरली. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि हनुवटी माझ्या मनगटावर ठेवली. तेवढंच. मी वाटी घेऊन खाली आले. भरलेली. स्वयंपाकघरात सासूबाईंची पावलं वाजत होती, ताट काढल्याचा आवाज आला, गोळ्यांची डबी उघडल्याचा आवाज आला, आणि मी तिथे उभी, हातात वाटी. कायदा माझाच.

मी कागद घेतला. वाटी त्यात उपडी केली. ओल्या बोटाने आतून गोल गोल पुसली. ते वाटतं तितकं सोपं नाही बरं का, जीभ फिरल्यासारखं दिसायला बोट हलकं फिरवावं लागतं. आणि मग कागदातून एक दाणा उचलून तळाशी ठेवला.

सासूबाई आल्या. "खाल्लं का गं?"

मी म्हटलं, "हो. वाटी रिकामी आहे."

त्यांनी वाटी हातात घेतली. उजेडाकडे धरली. तो दाणा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, कितीतरी वेळ. त्यांना माहीत नसेल का? त्या कलेच्या त्या गुरू! मग म्हणाल्या, "बरं झालं." आत गेल्या, ताट वाढून घेतलं आणि जेवल्या. सगळं. मी दारातून बघितलं, घास तोंडात जाताना बघितला, आता माझा वाटीवर विश्वास नाही.

आणि मी पुडी घेऊन जिना उतरले. बोका आधीच पायरीवर येऊन बसला होता. मधले दिवस खाडा पडला म्हणून माझ्याकडे असा रागाने बघत होता, की मला त्याची माफी मागावीशी वाटली. पुडी उलगडली. खाल्लं त्याने, सावकाश, सगळे दात शाबूत. चकाकतंय अंग. किडनीचं जेवण, कोमट, वेळच्या वेळी. म्हातारपणी त्याला काही होणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं सगळं अगदी काटेकोर झालंय त्याच्या बाबतीत.

आमच्या घरचं खाऊन एकच मांजर ठणठणीत राहिलं, आणि ते आमचं नाही.